धुराड्यावरची चाळणी

शुक्रवारी सकाळी दहा वाजता टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचा, इन्स्पेक्टर यायचा होता, आणि सव्वानऊ वाजता एकनाथच्या धुराड्यातून धूर यायचा बंद झाला.

धूर बंद झाला तर चांगलंच की, असं एखाद्याला वाटेल. एकनाथच्या बायकोला, शोभाला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहताना तसंच वाटलं. पण खाली विस्तव असताना वर धूर नसणं हे वर्गात चाळीस मुलं असताना आवाज नसण्यासारखं आहे. आत काहीतरी चाललेलं असतं, आणि ते आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता हे धुराडं कसलं, ते आधी समजावून घेऊ. एकनाथ डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात मोटारींचे सायलेन्सर डिझाइन करायचा. म्हणजे धूर नळीतून सुखरूप बाहेर कसा काढावा, याचाच त्याला पगार मिळत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्या घरच्यांनी ती त्याला विसरू दिली नाही. त्या वर्षी त्याने ट्रॉयमधलं अपार्टमेंट सोडून तासाभराच्या अंतरावर, उत्तरेला, पाच एकर जमीन आणि एक जुनं घर घेतलं होतं. या घरात गॅसची भट्टी नव्हती. घरापासून साठेक फुटांवर हिरव्या पत्र्याची एक खोली उभी होती, लांबून एखाद्याला ते शौचालय वाटावं अशी. तिच्यात पोलादी भट्टी, भट्टीभोवती पाणी, वर दहा फुटांचं धुराडं. भट्टीत ओंडके जाळायचे, पाणी तापायचं, आणि ते जमिनीखालच्या नळ्यांतून घरात येऊन घर ऊबदार ठेवायचं.

आधीचे मालक घर विकून फ्लोरिडाला गेले. जाताना ते भट्टीचं जाडजूड माहितीपुस्तक एकनाथच्या हातात देऊन गेले. एकनाथने ते खणात ठेवलं. कारण भट्टी पाहताच त्याच्या तोंडून निघालं होतं, "अगं, हा तर बंब."

सांगलीला त्याच्या घरी पितळी बंब होता आणि सातव्या वर्षापासून तो पेटवण्याचं खातं त्याच्याकडे होतं. ज्याने बंब पेटवलाय त्याला जगातल्या कुठल्याही विस्तवाबद्दल कोणी काही शिकवू नये, असं त्याचं मत होतं.

"बंबाला पाच एकर लागत नव्हते," शोभा म्हणाली.

शोभाला हे घर नकोच होतं. तिची नोकरी ट्रॉयमधल्या बँकेत, तिच्या मैत्रिणी ट्रॉयमध्ये, दहा वर्षांच्या नेत्राचा नाचाचा क्लास ट्रॉयमध्ये. तरी ती आली. पण डिसेंबरात दोनदा घर गार पडलं, नेत्रा स्वेटरवर स्वेटर घालून गणितं सोडवू लागली, तेव्हा शोभाने घरं विकून देणाऱ्या बाईंचं कार्ड फ्रिजला चिकटवलं आणि शांतपणे सांगितलं, "त्या इन्स्पेक्टरने पास केलं तर राहू. नापास झालात तर सोमवारी मी या बाईंना फोन करणार."

शोभा ओरडून बोलली असती तर एकनाथने मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे बोलली, म्हणून त्याची झोप उडाली.

पण नापास व्हायची वेळ आलीच कशी? त्याला कारण सांगलीची लाकडाची वखार.

आपल्याकडे वखारीत लाकूड वजनावर मिळायचं. काटा लावायचा, मण मोजायचे. जड लाकूड म्हणजे भरीव, कसदार, आणि हलकं लाकूड म्हणजे किडकं, पोकळ, हे एकनाथच्या हाडांत मुरलेलं होतं. इथे मात्र लाकूड वजनावर नव्हे, ढिगावर मिळतं. अमुक लांब, अमुक उंच असा रचलेला ढीग, त्यात वजन कितीही असो. लाकूडवाल्याने अंगणात दोन ढीग दाखवले आणि म्हणाला, हवा तो घ्या. एकनाथने दोन्ही ढिगांतला एकेक ओंडका उचलून पाहिला. एक ढीग कापसासारखा हलका. दुसरा इतका जड की कंबर धरली. दोन्हींचं मोल सारखंच. या माणसाला व्यवहार कळत नाही याची एकनाथला कीव आली. त्याने जड ढीग घेतला, वर हलक्या ढिगातले चुकून आलेले ओंडके निवडून परत केले. लाकूडवाल्याने तीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. तो दोनदा विचारता झाला, "तुमची खात्री आहे ना?" आणि एकनाथने दोनदा मान हलवली.

वर्गातल्या मुलांना मी हे असं सांगेन: ओंडका जड असतो तो बहुतेक वेळा पाण्याने. ओलं लाकूड पेटत नाही, धुमसतं. त्या धुरात न जळलेला चिकट अंश असतो. धूर गार धुराड्यातून वर जाताना हा अंश आतल्या भिंतीला बसतो, जसा फोडणीचा धूर स्वयंपाकघरातल्या पंख्याला बसतो. आधी काजळी, मग पापुद्रे, मग काकवीसारखं काळं डांबर. याला इथे क्रिओसोट म्हणतात. आणि हे डांबर एकदा पेटलं की मग धुराडंच भट्टी होतं.

शेजारच्या वॉल्टला हे सगळं माहीत होतं. वॉल्ट सत्तरीचा, एकटा, दोन म्हाताऱ्या घोड्यांचा मालक. त्याचं गवताचं कोठार एकनाथच्या भट्टीच्या पूर्वेला, कुंपणापलीकडे. तो एकनाथला 'एक' म्हणे. शोभा म्हणायची, बरोबरच आहे, असा नमुना एकच. एकनाथचा ढीग पाहायला वॉल्ट मुद्दाम आला. त्याने दोन ओंडके घेतले, एकमेकांवर आपटले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "हं." मग आणखी दोन आपटले. पुन्हा, "हं."

नारळ घेताना आपण नाही का वाजवून बघत. एकनाथला वाटलं, पसंत पडला वाटतं माल. त्याने वॉल्टला चहा दिला.

इथले लोक सल्ला देतात तो असा, की सल्ला दिलाय हे आपल्याला आठवड्याने कळतं. वॉल्ट चहा पिऊन म्हणाला, "मी असतो तर कदाचित, म्हणजे आपलं मला वाटतं, हे एखादं वर्ष तसंच ठेवलं असतं." एकनाथला वाटलं, म्हातारा काटकसरी आहे.

लाकूड पेटेना. तेव्हा धावून आला नरेंद्र. हा नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, मराठी मंडळाचा सेक्रेटरी. दुसऱ्याच्या अडचणीत त्याला विलक्षण उत्साह येत असे. तो म्हणाला, "यार, करवंट्या टाक ना. करवंटी म्हणजे रॉकेल आहे रॉकेल. मी मंडळाला ईमेल करतो."

गणपतीतल्या मोदकांच्या, सत्यनारायणाच्या, कोणाकोणाच्या मुंजीच्या करवंट्या ट्रॉयमधल्या मराठी गॅरेजांत पोत्यांनी पडून होत्या. उपयोग काहीच नाही, पण टाकवत नाहीत. आपल्या माणसाला करवंटी टाकताना उगाच कोणीतरी पाहतंय असं वाटतं. एका रविवारी अकरा पोती एकनाथच्या दारात येऊन पडली, आणि सगळ्यांच्या मनावरचा भार एकदम उतरला.

करवंट्या पेटल्या की काय पेटतात. तडतड आवाज, आणि धुराड्यातून ठिणग्यांचा फवारा. वारा पश्चिमेचा, म्हणजे फवारा वॉल्टच्या कोठाराकडे. नेत्रा म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक दिवाळी." एकनाथला अभिमान वाटला. चौथ्या दिवशी वॉल्ट कुंपणाशी आला, हातातली टोपी फिरवत बराच वेळ हवामानावर बोलला आणि मग म्हणाला, "एक, मी टाउनशिपला फोन केलाय. तुला आधी सांगावं म्हणून आलो. माझ्याकडे दोन घोड्या आहेत आणि हिवाळ्याचं सगळं गवत आहे."

तक्रार करणाऱ्याने आधी घरी येऊन कळवावं, या शिष्टाचाराने एकनाथ भारावला. तो थँक यू म्हणाला आणि मग दिवसभर आपण थँक यू का म्हणालो याचा विचार करत बसला.

इन्स्पेक्टरचं नाव केलर. उंच, मिशीवाला, हळू बोलणारा. त्याने धुराडं पाहिलं, करवंट्यांची पोती पाहिली, एक करवंटी हातात घेऊन उलटीसुलटी केली, हा काय प्रकार आहे ते विचारलं आणि उत्तर ऐकून वहीत एक अख्खी ओळ लिहिली. मग निकाल दिला: धुराड्यावर टोपी बसवा, टोपीला ठिणग्या अडवणारी जाळी हवी, आणि टोपी प्रमाणित कंपनीची, तिच्या शिक्क्याची हवी. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी दहाला परत येतो. तोवर टोपी नसली तर लाल चिठ्ठी, म्हणजे भट्टी बंद.

भट्टीचं सामान विकणारा दुकानदार म्हणाला, या जुन्या मॉडेलची टोपी मागवावी लागेल, तीन आठवडे.

तीन वजा दोन एक. एका आठवड्याचा प्रश्न होता. शोभा म्हणाली, "मग एक आठवडा मुदत वाढवून मागा. फोन उचला आणि सांगा, टोपी ऑर्डर केलीय."

"म्हणजे मी विनवण्या करू? धुराड्यासाठी? मी?"

"तुम्हीच. मी कशाला करू, माझा कुठे आहे बंब."

तिचं म्हणणं सरळ होतं आणि म्हणूनच ऐकण्यासारखं नव्हतं. एकनाथने आयुष्यात एकवीस प्रकारच्या सायलेन्सरमध्ये जाळ्या बसवल्या होत्या. त्याने विचार केला, जाळी म्हणजे काय, भोकं. भोक जितकं बारीक तितकी लहान ठिणगी अडेल. कंपनीच्या जाळीची भोकं अर्ध्या इंचाची, म्हणजे आळशी माणसाचं काम. घरात दोन चाळण्या होत्या, गव्हाची आणि मैद्याची. शोभा बँकेत गेली असताना एकनाथने मैद्याची घेतली. खोल, गोल, सांगलीच्या स्टीलची. धुराड्यावर ती अशी पालथी बसली, की जणू दोघांची मापं एकाच लोहाराने घेतली होती. वर तीन पट्ट्यांनी आवळली.

सांगायला हरकत नाही, दोन दिवस ती चाळणी उत्तम चालली. एक ठिणगी बाहेर येईना. वॉल्टने कुंपणापलीकडून अंगठा उंचावला. एकनाथ इतका खूश झाला की त्याने नरेंद्रला फोन केला आणि नरेंद्रने मंडळाला ईमेल करून 'घरगुती संशोधन' कळवलं.

तिसऱ्या दिवशी नेत्रा जेवताना म्हणाली, "आई, व्हाय इज देअर अ बोल ऑन द चिमनी?"

शोभाने खिडकीतून पाहिलं. संक्रांत आलेली, गुळपोळीसाठी ती सकाळपासून चाळणी शोधत होती. तिने वाढायचा डाव खाली ठेवला. "अहो."

"पुढच्या आठवड्यात काढतो."

"पोळीचा मैदा मी कशाने चाळू? तुमच्या सायलेन्सरने?"

एकनाथने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. असल्या प्रश्नांना दुसरं उत्तर नसतं.

आणि मग तो शुक्रवार. पुढे जाण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की चाळणी बारा दिवस धुराड्यावर होती, खाली ओलं लाकूड दिवसरात्र धुमसत होतं, आणि मैद्याच्या चाळणीची भोकं मैद्यापुरती असतात.

सव्वानऊला धूर थांबला. एकनाथ धावत भट्टीपाशी गेला. पाण्याचा काटा एरवी एकशे ऐंशी फॅरनहाइट दाखवायचा, तो एकशे तीसवर आला होता आणि खाली चालला होता. बाहेर उणे बारा. भट्टीच्या दाराच्या कडांमधून पिवळसर धूर झिरपत होता, शिक्षकांनी पाठ फिरवताच बाकाखालून चिठ्ठी सरकावी तसा, हळूच. चाळणीकडे पाहिलं तर चाळणी दिसेना. तिच्या जागी एक काळा चकचकीत गोळा होता.

त्याने रंगकामाचा लांब दांडा आणला आणि खालून चाळणीला ढोसलं. चाळणी हलली नाही. डांबराचा एक थेंब मात्र सुटला आणि त्याच्या कपाळावर, बरोबर टिळ्याच्या जागी पडला. साडेनऊ झाले. अजून एक ढोस. पट्ट्या इतक्या नेटाने आवळल्या होत्या की स्वतःच्याच कामाचा त्याला पहिल्यांदा राग आला.

त्याने नरेंद्रला फोन लावला.

"काही नाही रे, जाळ मोठा कर," नरेंद्र म्हणाला. "एकदम हाय फ्लेम दे. ते डांबर आपोआप जळून साफ होतं. नेटवर लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?"

"आहे कोणीतरी. बरेच लोक लिहितात यार."

"नरेंद्र, इन्स्पेक्टर यायला पंचवीस मिनिटं आहेत."

"म्हणून तर म्हणतो, जाळ मोठा कर."

मागून शोभाचा आवाज आला. ती दारात उभी होती, बँकेत जायच्या कपड्यांत, अंगावर कोट नाही. "अहो, रेडिएटर गार पडलेत. काय झालंय?"

"काही नाही, थोडी हवा कमी पडतेय."

"फोन करून सांगा ना त्यांना, आज येऊ नका म्हणून."

आत्ता हा फोन केला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कपाळाला डांबर लागलेल्या माणसाला शहाणपण सुचत नाही. एकनाथ म्हणाला, "पाच मिनिटं दे मला." आणि त्याने भट्टीचं दार सताड उघडलं आणि आत ओंजळभर करवंट्या टाकल्या.

पहिले दोन क्षण काहीच झालं नाही. मग कोंडलेल्या धुराला हवा मिळाली. दारातून एक पिवळी जीभ बाहेर आली, एकनाथच्या भुवया चाटून परत आत गेली. तो मागे बर्फात बसला. आणि मग वरून आवाज सुरू झाला. आधी कुकरची शिट्टी येण्यापूर्वीची सुरसुर, मग एखादं विमान डोक्यावर थांबून राहावं अशी घरघर. धुराडं तळापासून वरपर्यंत थरथरायला लागलं. आतलं डांबर पेटलं होतं. चाळणी लाल झाली, मग नारिंगी झाली, पट्ट्या ताणून सुटल्या, आणि चाळणी टोपी उडावी तशी उडून पत्र्यावरून घरंगळत बर्फात पडली. चर्र आवाज आला.

ती गेल्यावर मग धुराड्याच्या तोंडातून तीन फूट ज्वाळ उभी राहिली आणि ठिणग्यांचा तो जुना फवारा, दसपट होऊन, वाऱ्यावर पूर्वेला निघाला.

वॉल्टच्या कोठाराचे दोन्ही दरवाजे उघडे होते. ही घोड्यांना गवत घालायची वेळ.

एकनाथ उठला आणि पाण्याची बादली घ्यायला घराकडे पळाला. शोभा मात्र घराकडे पळाली नाही. ती कुंपणाच्या फटीतून, गुडघाभर बर्फातून, बँकेतल्या बुटांनिशी कोठाराकडे पळाली. वॉल्ट आतून बाहेर येत होता, हातात दाताळं, तोंड उघडं. शोभाने एक दरवाजा धरला आणि ओढला. तो जाम होता. वॉल्टने खांदा लावला. एक बंद झाला, दुसरा बंद होईतो वाटेत सांडलेल्या गवताच्या पेंढीवर एक ठिणगी पडली आणि पेंढी एका जागी काळी पडून वाकडी झाली. शोभाने फावडं दिसलं ते उचललं आणि त्या जागेवर बर्फ टाकायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. आग विझली तरी ती टाकत राहिली. आत घोड्या लाथा मारत होत्या.

इकडे एकनाथ बादली घेऊन भट्टीच्या उघड्या दारापाशी पोचला. बादली उचलली आणि मागून कोणीतरी म्हणालं, "ती खाली ठेव."

केलर आला होता, पंधरा मिनिटं आधी. या देशात शिस्तीचे लोक लवकर येतात.

"आग," एकनाथ म्हणाला.

"दिसतेय मला. तापलेल्या पोलादावर पाणी टाकलंस तर वाफेने तुझं तोंड भाजेल आणि भट्टी तडकेल. दार बंद कर."

त्यानेच पुढे होऊन पायाने दार लोटलं, कडी घातली, हवेची झडप बंद केली. हवा नाही तर आग नाही, एवढंच. शाळेतल्या पाचवीच्या विज्ञानातला धडा होता हा, मेणबत्तीवर पेला पालथा घालण्याचा. एकनाथला त्यात पैकीच्या पैकी मार्क पडले असणार.

दहा मिनिटं चौघेही आपापल्या जागी वर पाहत उभे राहिले. घरघर कमी झाली. ज्वाळ दोन फूट झाली, एक फूट झाली, मग नुसता धूर, मग तोही नाही. कोठाराच्या छपरावर बर्फ होता म्हणून तिथल्या ठिणग्या विझल्या. वॉल्ट दरवाजाला टेकून आपली छाती चोळत होता.

केलरने चिमट्याने चाळणी उचलली. बर्फावर घासल्यावर तिच्या काठावरचं डांबर निघालं आणि काहीतरी कोरलेलं दिसू लागलं. त्याने चष्मा वर केला.

"हा शिक्का आहे का? कंपनीचा?"

एकनाथने वाकून पाहिलं. शिक्काच तो, एका अर्थी. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तो.

केलर हळूहळू बोलत होता. "हे बघ. ही प्रमाणित टोपी असेल आणि तरी असं झालं असेल, तर दोष कंपनीचा. मग मी तुला ताकीद लिहीन, तू धुराडं साफ कर, आणि आज दुपारपासून भट्टी चालू. पण ही तू बसवलेली काहीतरी वस्तू असेल तर मला लाल चिठ्ठी लावावी लागेल. हे अक्षर मला वाचता येत नाही. तू सांग."

शोभा कुंपण ओलांडून आली होती. हातात वॉल्टचं फावडं, केसांत गवत. तिने ते शब्द ऐकले. तिच्या मागोमाग आलेला वॉल्टही ऐकत उभा होता. एकनाथच्या डोळ्यांसमोर फ्रिजवरचं ते कार्ड आलं. पाच एकर, मेपलची झाडं, नेत्राने उन्हाळ्यात लावायची ठरवलेली काकडी. एक 'हो' म्हटलं की झालं. या अख्ख्या राज्यात केलरला ते अक्षर वाचून दाखवायला कोण येणार होतं.

त्याने वॉल्टकडे पाहिलं. वॉल्ट अजून छाती चोळत होता.

"कंपनीचा नाही," एकनाथ म्हणाला. "माझ्या बायकोच्या मावशीचा आहे."

केलरने पेन थांबवलं. "मावशी टोप्या बनवते?"

शोभाने पुढे होऊन चाळणी हातात घेतली आणि मोठ्याने वाचलं, "चि. सौ. कां. शोभा हिस मालिनीमावशीकडून सप्रेम भेट." मग इंग्रजीत समजावलं, की ही पीठ चाळायची चाळणी आहे, मावशीने लग्नात दिली, आणि नवऱ्याने तिला न विचारता धुराड्यावर लावली.

केलरने सगळं लिहून घेतलं. 'मावशी' या शब्दाचं स्पेलिंगही विचारलं. मग भट्टीच्या दाराला लाल चिठ्ठी बांधली. धुराडं घासून साफ करा, खरी टोपी बसवा, सुकं लाकूड दाखवा, मग मला बोलवा. शेवटी त्याने एक कागद पुढे केला. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक भट्टीला एक जबाबदार चालक नेमावा लागतो, त्याचं नाव आणि सही.

एकनाथने पेनासाठी हात पुढे केला. शोभाने ते आधीच घेतलं होतं.

"मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, शोभा."

"माहितेय. म्हणूनच." तिने नाव लिहिलं, सही केली.

केलर गेल्यावर एकनाथ खालच्या आवाजात म्हणाला, "पण सोमवारी तर तू त्या बाईंना फोन करणार होतीस."

"सोमवारी?" शोभा वॉल्टकडे बघत मराठीत म्हणाली. "आज त्या माणसाचं गवत पेटवायचं आणि सोमवारी घर विकायला काढायचं? मागून काय म्हणतील लोक, पेटवून पळाले. आधी ही भट्टी नीट पेटू दे. मग ठरवू."

पुढचे नऊ दिवस तिघांनी स्वयंपाकघरात काढले, दोन इलेक्ट्रिक हीटर, तीन गाद्या आणि अकरापैकी उरलेली सात पोती यांच्या सोबतीला. एकनाथने लांब ब्रशने धुराडं घासलं, आणि त्यातून दोन बादल्या काळे पापुद्रे निघाले. त्याने खणातलं जाड पुस्तक काढून वाचलं. चौथ्या पानावर लिहिलं होतं, टोपीची जाळी बारीक नसावी, ती तुंबते आणि धूर कोंडतो, दर आठवड्याला तपासावी. एकनाथने ते पान शोभाला दाखवलं नाही. शोभाने ते आधीच वाचलं होतं.

वॉल्टने आपलं दोन वर्षं वाळलेलं लाकूड उसनं दिलं आणि शोभाला अंगणात शिकवलं, ओंडके एकमेकांवर कसे आपटायचे. सुकं असेल तर टण्ण, ओलं असेल तर थप्प. शोभा दोनच दिवसांत डोळे मिटून सांगू लागली. एकनाथनेही आपटून पाहिलं. त्याला सगळेच ओंडके सारखे ऐकू येत होते.

टोपी आली. केलर आला. त्याने जाळी पाहिली, टोपीवरचा शिक्का पाहिला, शोभाने आपटलेले ओंडके कान देऊन ऐकले आणि लाल चिठ्ठी काढली. काटा दोन तासांत एकशे ऐंशीवर गेला. त्यानंतर दर रविवारी शोभा शिडीवर चढून, आरसा तिरका धरून धुराडं तपासायची आणि एकनाथ खाली शिडी धरून उभा राहायचा. भट्टीचं दार उघडायचं झालं तर तो तिला विचारत असे.

नरेंद्रचा फोन आला. मंडळातल्या संजयलाही अशीच भट्टी घ्यायची होती, काही मार्गदर्शन हवं होतं. एकनाथने घसा साफ केला.

"नाही रे," नरेंद्र म्हणाला, "जरा वहिनींना दे."

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी त्याच लाकूडवाल्याचा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. एकनाथ खिडकीतून पाहत होता. शोभा बाहेर गेली, तिने एक ओंडका उचलला, आपटला. थप्प. आणखी एक. थप्प. एकनाथ सपाता घालून धावत बाहेर आला.

"शोभा, ओलं आहे ते. अगं, जड आहे, बघ."

"ओलंच मागवलंय मी." तिने लाकूडवाल्याला ट्रक रिकामा करायची खूण केली. "वॉल्ट म्हणाला, आत्ता घेतलं तर व्यवस्थित वाळतं."

"किती दिवस लागतात वाळायला?"

"एक वर्ष."

ट्रक रिकामा होत होता. ढीग मोठा होत चालला होता, एका अख्ख्या हिवाळ्याचा, पुढच्या. तो सपातांनिशी बर्फात उभा राहून त्या ढिगाकडे पाहत राहिला.

"बघत काय उभे राहिलात," शोभा म्हणाली. "ओंडक्यांचं तोंड वाऱ्याकडे करून रचा. आणि आधी बूट घाला."